पाठकोऱ्या कागदावरची चिठ्ठी

माझ्या कपाटात नगरसेविकेच्या काळातल्या फायली अजून आहेत. त्यांतल्या एकीत, २०१३ सालच्या अंदाजपत्रकी सभेच्या विषयपत्रिकेला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी आहे. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या पाच ओळी. अक्षर आमच्या तेव्हाच्या लेखापालांचे, बारीक आणि किंचित डावीकडे झुकलेले. पहिल्या ओळीत ‘पाणीपट्टी १२०० – १८०० – १५००’ असे आकडे आहेत आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढून ‘४० लाख’ लिहिले आहे. टाचणी गंजली आहे आणि तिचा तपकिरी डाग पंधराशेच्या आकड्यावर उमटला आहे. ही चिठ्ठी मी त्या दिवशी सभागृहात वाचून दाखवली असती, तर पुढचा उन्हाळा आमच्या गावाला कसा गेला असता, हे मी अजून मनाशी ताडून बघत असते.

गाव खान्देशातले, तालुक्याचे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या सभेतली बहुतेक माणसे आजही तिथेच राहतात, आणि जे घडले त्यात मीही होते. २०११ साली महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात माझ्यासारख्या कितीतरी जणी पहिल्यांदा निवडून आल्या. आमच्या नगरपरिषदेत २३ सदस्य होते. सत्ताधारी गटाचे १२, आमचे ११. एका मताच्या फरकावर उभ्या असलेल्या सभागृहात प्रत्येक विषय अटीतटीचा होतो, हे पहिल्या सहा महिन्यांतच कळले होते.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला. फेब्रुवारीतच नदीपात्रातली विहीर तळाला गेली होती आणि पाच दिवसांआड येणारे पाणी आठ दिवसांआड येऊ लागले होते. नव्या पाणीयोजनेला शासनाचे अनुदान मंजूर होते, पण अनुदानाचा हप्ता हवा तर नगरपरिषदेने आपला स्वहिस्सा, म्हणजे ४० लाख रुपये, अंदाजपत्रकात धरून दाखवायला हवे होते. सत्ताधारी गटाने त्यासाठी पाणीपट्टी वर्षाला बाराशेवरून अठराशे रुपये करण्याचा प्रस्ताव आणला. आम्ही विरोध केला. आमचे म्हणणे खोटे नव्हते. आठ दिवसांनी पाणी देऊन दीडपट पट्टी मागायची, आणि तीही सालदारकी करणाऱ्या, हातमजुरी करणाऱ्या घरांकडून, हे अन्यायाचेच होते. पण त्यांचेही म्हणणे खोटे नव्हते. पट्टी वाढवली नाही तर पैसा आणायचा कोठून, याचे उत्तर आमच्या कोणाकडे नव्हते. खरे तर आम्ही ते शोधलेच नव्हते.

उत्तर लेखापालांनी शोधले होते. सभेच्या आदल्या दिवशी मी काही आकडे विचारायला त्यांच्या टेबलाशी गेले, तेव्हा त्यांनी खणातून ती चिठ्ठी काढून माझ्यापुढे सरकवली. या वर्षी पट्टी पंधराशे. निराधार बाया आणि झोपडपट्टीतली घरे यांना वाढ नाही. पट्टीतून २१ लाख. सर्व प्रभागांच्या रस्त्यांच्या तरतुदी थोड्या थोड्या कमी करून १९ लाख. बेरीज ४०. ‘‘ताई, दोन्ही बाजूंना थोडं थोडं सोडावं लागेल,’’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी ती चिठ्ठी समोरच्या गटातल्या कोणाला दाखवली होती की नाही, हे मी विचारले नाही. ते विचारायला हवे होते.

सभेच्या दिवशी सकाळी आमच्या गटनेत्यांनी पक्षादेश बजावला. अंदाजपत्रकाच्या विरोधात मतदान करायचे. मी चिठ्ठीचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, आपण हे सुचवलं आणि योजना झाली, तर श्रेय कोणाला जाणार?’’ त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. ते मनापासून गटाचा विचार करत होते, आणि मला आज सर्वांत जास्त त्रास त्याच गोष्टीचा होतो. दुपारी सभागृहात ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’च्या आरोळ्या उठल्या. सत्ताधाऱ्यांपैकी एक जण नाराज होता, त्याने आमच्या बाजूने हात वर केला आणि १२ विरुद्ध ११ मतांनी अंदाजपत्रक फेटाळले गेले. आमच्या बाकांवर टाळ्या वाजल्या. माझेही हात वाजत होते. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती.

त्यानंतरच्या दोन सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. शेवटी वरिष्ठ कार्यालयाकडून तगादा आल्यावर जे अंदाजपत्रक कायम झाले, त्यात मागच्याच वर्षाचे आकडे थोडेफार इकडेतिकडे केलेले होते आणि स्वहिश्श्याची ओळ नव्हती. अनुदानाचा हप्ता त्या वर्षी आला नाही. एप्रिलमध्ये पाणी बारा दिवसांवर गेले. मे महिन्यात आमच्या भागातला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात टँकरच्या मागे हंडे, कॅन, रंगाचे रिकामे डबे घेऊन बायांची रांग लागे. एका दुपारी मी प्रभागात गेले असता ओसरीच्या पायरीवर डोक्याला पदर गुंडाळून बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, ‘‘माय, तुमनं भांडन सरनं का? आते पानी सोडा.’’ तिचा समज असा होता की पाणी टाकीत भरून ठेवले आहे आणि आमचे भांडण मिटेपर्यंत आम्ही ते अडवून धरले आहे. तपशिलात ती चुकत होती. मी तिला तो तपशील समजावून सांगू लागले आणि दोन वाक्यांनंतर थांबले.

या सगळ्याकडे मी ज्या नजरेने बघते, ती मला आजोळाने दिली आहे. माझे आजोळ साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे. पांझरेवर शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्यावर चालणारी फड पद्धत ही आमच्या भागाची स्वतःची गोष्ट आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, त्या पाटाखाली जेवढी जमीन भिजते ते थळ, आणि थळाचे तीन-चार भाग पाडलेले असतात ते फड. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात भुसार पीक, हे एकट्यादुकट्या शेतकऱ्याने ठरवायचे नसते, सगळ्या बागायतदारांनी बसून ठरवायचे असते. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, राखण जागल्याची, आणि या सगळ्यांचा मेहनताना बागायतदारांनी द्यायचा. पाटातला गाळ काढायलाही सगळ्यांनी यायचे.

पण या पद्धतीतला खरा शहाणपणा जमिनीच्या वाटणीत आहे. एका शेतकऱ्याची सगळी जमीन एकाच फडात नसते. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो. पाणी कमी असले की एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवतात, आणि तो कोरडा राहिला की प्रत्येकाचाच थोडा तुकडा कोरडा राहतो. एक जण बुडाला आणि दुसरा तरला, असे होत नाही. लहानपणी मला हे कळत नव्हते. फड ठरवायच्या बैठकीला मी आबांबरोबर मारुतीच्या पारावर जाऊन बसत असे, एवढेच आठवते. एका वर्षी बैठक दोन रात्री चालली. ज्यांच्या बैलजोड्या जास्त होत्या त्यांना उसाचे क्षेत्र वाढवायचे होते, बाकीच्यांना पाण्याचा भरवसा नव्हता. आवाज चढले, एक जण उठून गेला, त्याला परत आणले गेले. पाटकरी कंदील घेऊन पाराच्या कडेला उभा होता. त्याला पहाटे पाणी सोडायचे होते आणि कोणत्या चारीत सोडायचे, हे कळल्याशिवाय तो घरी जाऊ शकत नव्हता. मधूनमधून तो कंदिलाची वात खाली-वर करी. शेवटी आबा म्हणाले, ‘‘आवंदा ऊस चार आनी कमी लावूत,’’ आणि ज्याने सर्वांत जास्त हट्ट धरला होता, त्याने तंबाखूची चंची आबांपुढे केली. तोच ठराव. त्याचे इतिवृत्त कोणी लिहिले नाही आणि तो मोडल्याचेही मला आठवत नाही.

पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या वावरात आले आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडकळीस आले. तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. त्या पारावर बाई बसलेली मी पाहिली नाही आणि ज्यांना जमीनच नव्हती त्यांना तिथे शब्द नव्हता. तरीही, नकार देणाऱ्याचे स्वतःचेही नुकसान झाले पाहिजे ही जी व्यवस्था तिथे होती, ती मला पुढे कोणत्याही सभागृहात दिसली नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतले सरकारी कामकाज बंद पडल्याच्या बातम्या मी रोज वाचत होते, त्या याच कारणाने. तिथले आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी खर्चाची बारा विधेयके मंजूर व्हायला हवीत, किंवा निदान तात्पुरता खर्च चालवण्याचे विधेयक तरी. सिनेटच्या शंभर सदस्यांपैकी साठ जणांच्या संमतीशिवाय ते सहसा पुढे सरकत नाही, आणि तेवढे सदस्य एका पक्षाकडे नव्हते. आरोग्यविम्याच्या सवलती चालू ठेवाव्यात असे एका पक्षाचे म्हणणे, आधी सरकार चालू करा मग बोलू असे दुसऱ्याचे. ४३ दिवस असे गेले. त्यापूर्वीचा सर्वांत मोठा बंद २०१८-१९ चा, ३५ दिवसांचा होता. लाखो कर्मचारी बिनपगारी घरी बसले आणि लाखो बिनपगारी कामावर जात राहिले. त्यांत विमानतळांवरचे हवाई नियंत्रकही होते, आणि अखेरीस चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करावी लागली. ज्या अन्नसाहाय्य योजनेवर सुमारे चार कोटी वीस लाख माणसे अवलंबून आहेत, तिचे नोव्हेंबरचे पैसे अडकले. आणि या सगळ्या काळात संसद सदस्यांचा पगार चालू होता, कारण तो राज्यघटनेनेच दिलेला आहे. १२ नोव्हेंबरला बंद उठला, तेव्हा ज्या सवलतींसाठी तो झाला तो प्रश्न सुटलेला नव्हता. त्यावर पुढे मतदान घेऊ, एवढे आश्वासन उरले होते.

एक गोष्ट मला या निमित्ताने नव्याने कळली. खर्चाला मंजुरी नसली की कचेऱ्यांना कुलूप लागते, हे तिथेही पूर्वापार नव्हते. १९८० साली तिथले महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला, तेव्हापासून हे सुरू झाले. त्याआधी मंजुरी लांबली तरी कामे चालूच राहत. कडक अर्थ लावला की माणसे वेळेत शहाणी होतील, असे कोणालाही वाटले असते. पण शिक्षा भोगणारे वेगळे आणि शहाणे व्हायचे ते वेगळे असले, तर ती शिक्षा कितीही कडक केली तरी तिचा उपयोग होत नाही. फडातल्या हट्टी बागायतदाराचा स्वतःचा ऊस वाळत होता, म्हणून त्याने चंची पुढे केली.

आपल्याकडे असे बंद पडत नाहीत, म्हणून आपण निर्धास्त असतो. आपल्या संसदीय पद्धतीत लोकसभेत अर्थसंकल्पावर सरकार हरले तर ते पडते, त्यामुळे बहुमत असलेले सरकार तो मंजूर करून घेतेच. वेळ कमी असला तर लेखानुदान घेऊन काही महिन्यांचा खर्च भागवतात. पैसा थांबत नाही. आपल्या कोंडीत थांबते ती चर्चा. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गदारोळ चालू असताना सगळ्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या आणि वित्त विधेयक अर्ध्या तासाच्या आत, चर्चेविना मंजूर झाले. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या मागण्या तशाच गिलोटीन लावून, म्हणजे चर्चा न करता सगळ्या एकदम मताला टाकून, मंजूर झाल्या. एका बाजूला चौकशी समितीची मागणी होती, दुसऱ्या बाजूला माफीची. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या आणि मधल्या मोकळ्या जागेतून अख्ख्या देशाचा खर्च निघून गेला.

माझ्यासारख्या गावपातळीवर काम केलेल्या बाईला याचे दुःख जास्त वाटते, कारण मागण्यांवरची चर्चा म्हणजे काय असते, हे मी कागदावर शिकले आहे. मागणी एक रुपयावर आणा अशी कपात सूचना देऊन सरकारच्या सगळ्या धोरणाला विरोध करता येतो. मागणी शंभर रुपयांनी कमी करा अशी सूचना देऊन एखाद्या तालुक्यातल्या अर्धवट पुलाचा प्रश्नही काढता येतो. अमळनेर तालुक्यात पाडळसे येथे निम्न तापी प्रकल्प नव्वदच्या दशकापासून चालू आहे, आणि ज्यांनी भूमिपूजन पाहिले त्यांची नातवंडे आता मतदार झाली आहेत. अशा प्रकल्पाला यंदा किती पैसे दिले, मागच्या वर्षीचे किती खर्च झाले, हे तोंडावर विचारायची जागा म्हणजे ती चर्चा. विधिमंडळात काय, संसदेत काय, ती जागा रिकामी राहिली की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही सुटतात.

आणि जिथे पैसा नव्हे, पैसा मागण्याची जागाच पणाला लागली, असेही आपल्या राज्यात झाले आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळे राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ साली आली. खान्देश ‘उर्वरित’मध्ये. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मुदतवाढीचा प्रश्न विधानसभेत निघाला तेव्हा, मार्च २०२१ मध्ये, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राज्यपाल ज्या दिवशी विधान परिषदेवरच्या बारा सदस्यांची नावे जाहीर करतील त्या दिवशी मंडळे जाहीर करू, अशा अर्थाचे उत्तर दिले. सरकार एका पक्षाघाडीचे, राज्यपाल दुसऱ्यांनी नेमलेले. बारा नावे अडली म्हणून मंडळे अडली. आम्ही ‘उर्वरित’ लोक यांपैकी कोणत्याच भांडणात पक्षकार नव्हतो.

पक्ष एकमेकांसाठी थांबूच शकत नाहीत, असेही मात्र नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, २६९ विरुद्ध २७०. देशाचा अर्थसंकल्प अर्धवट होता. त्यानंतर काही दिवसांतच, ज्यांनी एकमेकांना पाडले होते त्याच पक्षांनी आपसात ठरवून तो मंजूर होऊ दिला. चर्चा तेव्हाही झाली नाही, पण ती सहमतीने सोडून दिली गेली, गोंधळात बुडाली नाही, आणि हा फरक मला मोठा वाटतो. त्याच्या आठ वर्षे आधी, १९९१ च्या मार्चमध्ये, चंद्रशेखर सरकारला पूर्ण अर्थसंकल्प मांडता आला नाही. अंतरिम अर्थसंकल्प मांडून दोन दिवसांत सरकार गेले आणि परकीय चलनाचे संकट डोक्यावर असताना देश जुलैच्या अखेरीपर्यंत पूर्ण अर्थसंकल्पाविना राहिला. त्याच जुलैत सुमारे ४७ टन सोने गहाण पडले. केवळ अर्थसंकल्प अडल्यामुळे सोने गेले असे म्हणणे बरोबर होणार नाही, संकट आधीपासूनचे होते. पण घर जळत असताना घरातली माणसे एकमेकांशी बोलत नव्हती, हे तर खरेच आहे.

मी गटनेत्यांना दोष देऊन मोकळी होऊ शकत नाही. तरी पक्षादेशाबद्दल मला एक गोष्ट आग्रहाने म्हणायची आहे. पक्षांतराला आळा घालणारी दहावी अनुसूची १९८५ साली राज्यघटनेत आली आणि स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राने १९८६ चा अनर्हता अधिनियम केला. त्यामागचा हेतू चांगला होता. घोडेबाजार मी जवळून पाहिला आहे आणि त्याला आळा हवाच. पण संसदेत किंवा विधानसभेत अर्थसंकल्प फेटाळला तर सरकार पडते, म्हणून तिथे पक्षादेशाला कारण आहे. नगरपरिषदेत अंदाजपत्रक फेटाळले म्हणून कोणाचे सरकार पडत नाही. तिथे एखाद्या सदस्याने ‘अठराशे नको, पंधराशे करा, मी हात वर करते’ असे म्हटले, तर त्यात कोणता पक्षद्रोह आहे? गटारीच्या, दिव्यांच्या, पाण्याच्या पैशांवर तरी सदस्याचे मत मोकळे सोडा. मी त्या दिवशी भ्याले, हे खरे. पण सदस्यत्व जाण्याची भीती दाखवून माणसाचे तोंड बंद करायची सोय कायद्यातच असल्यावर, लेखापालाची चिठ्ठी वाचून दाखवण्यासाठीही धाडस लागते, आणि एवढ्या साध्या गोष्टीला धाडस लागावे हे मला पटत नाही.

योजना पुढे झाली, पण ती उशिरा झाली आणि पहिल्या अंदाजापेक्षा महाग पडली. आमच्या नगरपरिषदेची पुढची मुदत संपल्यावर, निवडणुका लांबल्यामुळे, चार वर्षांच्या आसपास प्रशासकांचा कारभार राहिला. त्या काळात अंदाजपत्रके वेळेवर मंजूर झाली. मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असल्यावर दुसरे काय होणार? गावातली काही शहाणी माणसे तेव्हा मला म्हणत, की वहिनी, हेच बरे आहे, कटकट नाही. मला ते ऐकताना पारावरचा तो कंदील आठवे. आमच्या भांडणांनी लोकांना इतके विटवले होते की बोलणेच नको, असे त्यांना वाटू लागले होते, आणि त्या विटण्यात माझ्या टाळ्यांचा वाटा होता.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आमच्या गल्लीतली, शेजारच्यांची धाकटी सून निवडून आली आहे, तिशीतली, बीएस्सी झालेली. या आठवड्यात ती अंदाजपत्रकाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. जमेची बाजू, खर्चाची बाजू, आरंभीची शिल्लक, कोणती ओळ कोठून आली, हे सगळे आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरून दुपारभर बघत होतो. पाणीपट्टीच्या पानाशी आलो तेव्हा मी उठून कपाटातली फाइल काढली आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने ती दोनदा वाचली. मग मोबाइलवर आकडे टाकून, आज किती घरांना वाढ माफ करावी लागेल याचा हिशोब करू लागली. रस्त्यांच्या तरतुदीपाशी ती अडली. ‘‘काकू, हे त्यांच्या प्रभागांतूनही कापावं लागेल,’’ ती म्हणाली. मी म्हटले, हो, आणि तुझ्याही.

थोडा वेळ ती पेन्सिल टेबलावर टेकवून बसली. मग म्हणाली, ‘‘त्यांच्याकडच्या नव्या ताई आहेत ना, त्या माझ्या माहेरच्या गावच्या आहेत. सभेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन आले तर चालेल का?’’

मी तिला चिठ्ठीची झेरॉक्स काढून आणायला पाठवले. मूळ कागद जीर्ण झाला आहे, तो परत टाचणीला लावून ठेवला.